डब्ल्यूसी पॉलिसी नव्हती, मग भरपाई कोण देणार?

या वेळचं पत्र एका वर्कशॉप चालवणाऱ्या वाचकाचं आहे, थोडं छोटं करून देतेय.

"ताई, नमस्कार. माझं छोटं वर्कशॉप आहे, शीट मेटलचे जॉब करतो, तीन पॉवर प्रेस आणि दोन वेल्डिंग मशीन. हजेरीवर सहा जण, ऑर्डर जास्त असली की ठेकेदाराकडून दोन हेल्पर बोलावतो. अडीच महिन्यांपूर्वी त्यातल्याच एका हेल्परची, 25 वर्षांचा आहे, उजव्या हाताची दोन बोटं प्रेसमध्ये मुळापासून गेली. ठेकेदार त्याला महिन्याला 14,000 देतो. हॉस्पिटलचं सगळं बिल मी भरलं, 1,10,000 झालं, वर 40,000 रोख दिले आणि माझी आता काही तक्रार नाही असं स्टॅम्प पेपरवर लिहून घेतलं. आता त्याचे वडील म्हणतात भरपाई पाहिजे नाहीतर लेबर कोर्टात जातो. सीए म्हणतात दहाच्या आत माणसं असली की काही लागू होत नाही. ठेकेदार फोन उचलत नाही. एक एजंट म्हणतो सगळ्यांची पर्सनल ॲक्सिडेंट पॉलिसी काढा, सगळं कव्हर होतं. प्रेसचा गार्ड, म्हणजे हात आत जाऊ नये म्हणून लावतात तो आडोसा, त्या दिवशी काढलेला होता, त्यामुळे चूक त्याचीपण आहेच. माझ्यावर विमा काढायची सक्ती होती का? आणि आता काय करू?"

दादा, नमस्कार. पत्र दोनदा वाचलं. पहिली गोष्ट म्हणजे तुम्ही त्या पोराला हॉस्पिटलात नेलंत, बिल भरलंत, हात झटकून मोकळे झाला नाहीत, ते मला पत्रात दिसतंय आणि त्याची किंमत आहे. पण तुम्हाला गोड वाटेल असं उत्तर देऊन तुमचं भलं होणार नाही, म्हणून जे आहे ते सरळ लिहिते.

विमा काढायची सक्ती तुमच्यावर नव्हती. भरपाई द्यायची सक्ती मात्र होती, आणि अजून आहे. या दोन गोष्टी लोक एकच समजतात आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो. कायदा मालकाला सांगतो की काम करताना, कामामुळे माणूस जखमी झाला किंवा गेला तर पैसे तू द्यायचे, ते विमा कंपनीकडून आण नाहीतर घर गहाण टाकून आण, तो तुझा प्रश्न. डब्ल्यूसी पॉलिसी म्हणतात ती फक्त हे पैसे कुठून येणार याची सोय आहे. पॉलिसी नव्हती म्हणजे जबाबदारी नव्हती असं नाही, उलट पॉलिसी नव्हती म्हणजे सगळी जबाबदारी एकट्या तुमच्या खिशावर आली.

हा कायदा जुना आहे, 1923 चा, तेव्हा त्याचं नाव वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन ॲक्ट होतं म्हणून पॉलिसीला अजून सगळे डब्ल्यूसी म्हणतात, 2010 मध्ये नाव बदलून एम्प्लॉईज कॉम्पेन्सेशन ॲक्ट झालं, आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून चार लेबर कोड, म्हणजे नवे कामगार कायदे, लागू झाले तेव्हा तो सोशल सिक्युरिटी कोडमध्ये गेला. नावं बदलली तरी गाभा तोच राहिलाय, तो म्हणजे चूक कोणाची हे आधी विचारायचं नाही. पूर्वी कामगाराला कोर्टात सिद्ध करावं लागायचं की मालकाचा निष्काळजीपणा होता, आणि मालक म्हणायचा की तुझ्याच शेजारच्या कामगाराची चूक होती किंवा धोका माहीत असूनच तू नोकरी धरलीस, आणि केस संपायची. जर्मनीने 1884 मध्ये आणि ब्रिटनने 1897 मध्ये हे मोडून काढलं, आपल्याकडे ते 1923 मध्ये आलं. त्यामुळे "चूक त्याचीपण आहे" या वाक्याने तुमचं काम होणार नाही.

आता सीएंचं ऐकू. ते बोलले त्यात अर्धं खरं आहे म्हणूनच ते जास्त धोक्याचं आहे. दहा माणसांची अट आहे ती ईएसआयची, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेची. ईएसआय लागू असेल तर महिन्याचा पगार 21,000 पर्यंत असलेल्यांसाठी मालकाने 3.25 टक्के आणि कामगाराने 0.75 टक्के भरायचे, मग अपघात झाला की औषधपाणी, रजेच्या काळातले पैसे, कायमचं अपंगत्व, वारसांची पेन्शन सगळं ईएसआय कॉर्पोरेशन बघतं आणि त्या माणसासाठी मालकाला वेगळी भरपाई द्यावी लागत नाही. तुमच्याकडे दहाच्या आत माणसं आहेत म्हणून ही ढाल तुम्हाला नाही. सीए म्हणतात काही लागू नाही, पण नेमकं उलट आहे, ईएसआय लागू नाही म्हणूनच भरपाईचा कायदा तुमच्यावर पूर्ण लागू आहे, आणि त्याला माणसांच्या संख्येची अट नाही, वीज वापरून माल तयार करणाऱ्या वर्कशॉपमध्ये एकच माणूस असला तरी तो लागतो. हंगामी, रोजंदारीवाला, चार दिवसांसाठी आलेला, हे पण सुटत नाहीत, धंद्याच्या कामाऐवजी दुसऱ्याच कामाला लावलेला रोजंदारीवाला वगळायची जी पळवाट होती ती 2000 सालच्या दुरुस्तीत काढून टाकली.

आणि जरा तुमचं मस्टर पण नीट मोजा. सहा आणि दोन आठ होतात हे मी धरलं, पण दिवाळीच्या आधी किंवा मोठी ऑर्डर आली तेव्हा ठेकेदाराने दोनच्या जागी चार पाठवले असतील तर मागच्या बारा महिन्यांत एक दिवस जरी दहा भरले तरी ईएसआय लागू होतं, ठेकेदाराची माणसं त्यात धरतात, आणि एकदा लागू झालं की नंतर संख्या कमी झाली म्हणून सुटत नाही. तसं असेल तर या अपघाताची दिशाच बदलते, कारण मग त्या पोराचा हक्क कॉर्पोरेशनकडे जातो आणि कॉर्पोरेशन ते पैसे न भरणाऱ्या मालकाकडून वसूल करतं. म्हणून हे आधी तपासा, अंदाजाने नको, हजेरी आणि व्हाउचर समोर ठेवून.

ठेकेदाराचं काय, तर तो फोन उचलो न उचलो, तुमच्या धंद्याचं नेहमीचं काम तुमच्या जागेत त्याच्या माणसाने केलं, त्यामुळे तो माणूस भरपाई थेट तुमच्याकडे मागू शकतो आणि जणू तुमचाच कामगार असल्यासारखी ती तुम्हाला द्यावी लागते. मागाहून तुम्ही ती ठेकेदाराकडून वसूल करू शकता, तो हक्क कायदा देतो. पण पोराने आधी ठेकेदाराला शोधत फिरावं आणि तुम्ही तोवर थांबावं असं नाही. हा नियम मला मनापासून पटतो, कारण ठेकेदार सापडत नाही ही तक्रार मी एवढ्या लोकांकडून ऐकलीय की तो नियम नसता तर निम्म्या लोकांना काहीच मिळालं नसतं.

आता आकडा. तुम्ही विचारला नाहीत, पण तुमच्या डोक्यात तोच फिरत असणार. भरपाईचं गणित तीन गोष्टींवर चालतं, पगार, वय आणि कमाईची ताकद किती टक्के गेली. कायद्याला एक तक्ता जोडलेला आहे, वय वाढलं की त्यातला गुणांक कमी होतो, 25 व्या वर्षाला तो 216.91 आहे, 40 ला 184.17, 50 ला 153.09. पूर्ण आणि कायमचं अपंगत्व आलं तर महिन्याच्या पगाराचे 60 टक्के गुणिले हा गुणांक, माणूस गेला तर 50 टक्के गुणिले गुणांक. पगार कितीही असला तरी गणितात तो 15,000 पर्यंतच धरतात, 2020 च्या जानेवारीपासून ही मर्यादा आहे, त्याआधी 8,000 होती. तुमच्या पोराचा पगार 14,000, म्हणजे 60 टक्के झाले 8,400, गुणिले 216.91 म्हणजे 18,22,044 रुपये. ही झाली पूर्ण अपंगत्वाची रक्कम. त्याला पूर्ण अपंगत्व नाही, एका हाताची दोन बोटं गेली, त्यासाठी कायद्याच्या यादीत 20 टक्के लिहिलेत. म्हणजे साधारण 3,64,409 रुपये.

यादीत प्रत्येक अवयवाला टक्का लावलेला आहे, अंगठा 30, चारही बोटं 50, एक डोळा 40, ते वाचताना मला दर वेळी कसंतरी होतं, माणसाच्या हाताला भाव लावल्यासारखं. पण त्या यादीमुळेच घासाघीस थांबते, मालकाला वाटेल तेवढं देऊन भागत नाही. आणि यादी म्हणजे शेवटची रेघ पण नाही. 1976 साली सुप्रीम कोर्टासमोर एका सुताराची केस होती, सिनेमागृहाच्या सजावटीचं काम करताना पडला आणि डावा हात कोपरापासून गेला, मालकाचं म्हणणं होतं की एकच हात गेलाय त्यामुळे अपंगत्व अर्धवटच, कोर्टाने सांगितलं की एका हाताने सुतारकाम होत नाही, हा माणूस ज्या कामासाठी होता त्या कामाला पूर्ण अपंग झाला, पूर्ण भरपाई द्या. तुमच्या पोराचा उजवा हात आहे, तो पुढे प्रेसवर किंवा कुठल्याही हातकामावर बसू शकेल का याचं डॉक्टरचं मत वेगळं आलं तर त्याचा वकील हा मुद्दा काढणारच, आणि मी त्याच्या जागी असते तर मीही काढला असता.

याशिवाय तो घरी बसून होता त्या काळाचे पैसे वेगळे. तात्पुरत्या अपंगत्वाला दर पंधरवड्याला महिन्याच्या पगाराच्या 25 टक्के, म्हणजे 3,500 रुपये, असं धरतात. ते तुम्ही दिलेले दिसत नाहीत.

तुम्ही भरलेल्या 1,10,000 च्या बिलाबद्दल, मला माहितीये तुम्हाला हे वाचून वाईट वाटेल. उपचाराचा खर्च भरपाईत धरत नाहीत. तो मालकाने द्यायचाच असतो, भरपाईच्या वर, आणि त्यामुळे 3,64,409 मधून 1,10,000 वजा करता येणार नाहीत.

40,000 चं त्याहून अवघड आहे. भरपाईचा करार कोर्टाबाहेर करता येतो, पण त्याचं निवेदन भरपाईचे दावे बघणाऱ्या कमिशनरकडे नोंदवावं लागतं, महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी लेबर कोर्टाचे न्यायाधीशच हे काम बघतात. रक्कम पुरेशी आहे का, फसवणूक किंवा दबाव नाही ना हे बघूनच ते नोंदवतात. नोंदवला नाही तर मालकावर पूर्ण रक्कम उभीच राहते, आणि दिलेल्या पैशातले, कमिशनरने वेगळं सांगितलं नाही तर, निम्म्याहून जास्त वजा करायला मिळत नाहीत. म्हणजे तुमच्या 40,000 मधले कदाचित 20,000 च मोजले जातील. आणि तक्रार नाही असं लिहून घेतलेला तो स्टॅम्प पेपर, त्याला काही अर्थ नाही. हक्क सोडल्याचा करार हा कायदा मुळातच रद्द मानतो, मग तो शंभरच्या स्टॅम्पवर असो की पाचशेच्या, नोटरी केलेला असो की नसो.

हातात बँडेज असताना, घरात पैसे नसताना माणसाकडून लिहून घेतलेलं असतं दादा, म्हणून कायदा त्याला मानत नाही. माझे काका प्रेसवर काम करायचे, त्यांच्या अंगठ्याचं वरचं पेर गेलं होतं, मालकाने आठ दिवस भरपगारी सुट्टी दिली आणि काका आयुष्यभर मालक किती चांगला होता ते सांगत राहिले. कायद्यात अंगठ्याच्या त्या पेराला 20 टक्के लिहिलेत हे मला ते गेल्यावर कळलं. शर्टाचं वरचं बटण त्यांना शेवटपर्यंत काकूच लावून द्यायची. म्हणून हे सगळं मी जरा जास्त तिखट लिहितेय असं वाटलं तर समजून घ्या, तुमच्यावर राग नाहीये.

गार्डचं बघू. कायद्यात मालकाला काही बचाव आहेत. कामगार दारू किंवा नशेत होता, सुरक्षेचा स्पष्ट हुकूम त्याने मुद्दाम मोडला, किंवा सुरक्षेची वस्तू आहे हे माहीत असून त्याने ती मुद्दाम काढली, तर भरपाई नाकारता येते. पण मृत्यू किंवा पूर्ण कायमचं अपंगत्व असेल तर हे तिन्ही बचाव बंद, तिथे द्यावीच लागते. तुमच्या केसमध्ये अपंगत्व अर्धवट आहे म्हणून वरवर दार उघडं दिसतं, पण स्वतःला प्रामाणिकपणे विचारा, गार्ड त्या पोराने काढला होता की तो आधीपासूनच काढून कोपऱ्यात ठेवलेला होता, कारण गार्ड लावला की जॉब हळू निघतात आणि संध्याकाळपर्यंत नग पूर्ण होत नाहीत? "काढलेला होता" असं तुम्ही लिहिलंत, "त्याने काढला" असं नाही. प्रेस चालू असताना गार्ड नाही हे सुपरवायझरला किंवा तुम्हाला दिसत होतं आणि कोणी मशीन बंद केलं नाही तर तो बचाव टिकणार नाही, आणि ठेकेदाराकडून चार दिवसांसाठी आलेल्या हेल्परला प्रेसवर बसवलं, त्याला शिकवलं कोणी हा प्रश्न उलट तुम्हालाच विचारतील. हा मुद्दा मांडून केस लांबवायचा सल्ला कोणी देईल, घेऊ नका.

लांबवण्याचं नुकसान कसं होतं ते सांगते. भरपाई देय होते अपघाताच्या दिवशी, कोर्टाचा निकाल लागेल त्या दिवशी नाही, हेही त्या सुताराच्या केसमध्येच ठरलं. एक महिन्यात दिली नाही तर वर्षाला 12 टक्के व्याज, आणि उशिराला योग्य कारण नसेल तर भरपाईच्या 50 टक्क्यांपर्यंत दंड. तुमच्या आकड्यावर व्याज महिन्याला साधारण 3,644 रुपये होतं, दंड पूर्ण लागला तर 1,82,000 च्या वर जातो. निकाल विरुद्ध गेला आणि हायकोर्टात अपील करायचं म्हटलं तर आधी निकालाची सगळी रक्कम जमा करावी लागते, नाहीतर अपील घेतच नाहीत. आणि नाही भरलं तर जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते.

तर आता करायचं काय. अशा गंभीर अपघाताची खबर मालकाने सात दिवसांच्या आत कमिशनरला द्यायची असते, ती तुम्ही दिलेली दिसत नाही, उशिरा का होईना लेखी द्या, कसा अपघात झाला ते खरं लिहा, गार्डचंसुद्धा. मग कामगार कायद्याचं काम करणारा वकील धरा, सीए नाही, आणि पोराच्या अपंगत्वाचं सर्टिफिकेट सरकारी हॉस्पिटलमधून काढून घ्या, त्याचा खर्च तुम्ही करा. मग रक्कम काढून ती कमिशनरकडे जमा करायची तयारी दाखवा किंवा दोघांनी मिळून करार तिथे नोंदवा. एकदम जमत नसेल तर जेवढी जबाबदारी मान्य आहे तेवढी आधी भरा, वादाचा भाग नंतर भांडता येतो. ठेकेदाराला रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवा, त्याच्या बिलाचे पैसे तुमच्याकडे थकले असतील तर वकिलाला विचारून मगच सोडा. पोराने ठेकेदाराकडून उचल घेतलेली असेल आणि ठेकेदार म्हणाला की ती भरपाईतून कापा, तर कापायची नाही, भरपाईच्या पैशातून कर्ज वळतं करता येत नाही, तिच्यावर जप्तीही येत नाही.

आणि रोख देणं आजपासून बंद. या वेळी पोरगा सज्ञान आहे, त्याच्या हातात दिलेले निदान निम्मे तरी मोजले जातील, पण उद्या देव न करो कोणी गेलं आणि तुम्ही चांगुलपणाने त्याच्या बायकोच्या हातात पाच लाख ठेवलेत तर कायद्याच्या नजरेत ती भरपाई दिलीच नाही असं होतं. मृत्यूच्या केसमध्ये पैसे कमिशनरकडेच भरायचे, ते वारसांमध्ये वाटतात. तीन महिन्यांच्या पगाराइतकी आगाऊ रक्कम तेवढी घरच्यांना थेट देता येते, कारण चूल पेटायची कोर्टाची तारीख येईपर्यंत थांबत नाही.

आता एजंटचं. पर्सनल ॲक्सिडेंट वाईट नाही, पण ती वेगळी चीज आहे. ती कामगाराला ठरलेली रक्कम देते, कुठेही, कधीही अपघात झाला तरी. तुमची कायद्याची जबाबदारी ती उचलत नाही. समजा दोन लाखांची पर्सनल ॲक्सिडेंट पॉलिसी होती आणि त्या पोराला त्यातून काही मिळालं, तरी भरपाईची केस तुमच्यावर तशीच उभी राहते. तुम्हाला पाहिजे ती एम्प्लॉईज कॉम्पेन्सेशन पॉलिसी, म्हणजे डब्ल्यूसी, ती मालकाची कायदेशीर जबाबदारी कव्हर करते. दोन्ही घ्यायची ऐपत असेल तर जरूर घ्या, एकच घ्यायची असेल तर डब्ल्यूसी आधी.

पण डब्ल्यूसी काढताना लोक जी काटकसर करतात तिथेच क्लेम अडकतात, म्हणून यावर जरा थांबते. या पॉलिसीचा प्रीमियम वर्षाच्या एकूण पगारावर आणि कामाच्या धोक्यावर ठरतो, मग काय होतं, पगार कमी दाखवला जातो, वर्षभरात बारा माणसं येऊन जातात आणि फॉर्मवर पाच लिहिली जातात, प्रेस ऑपरेटरला पॅकिंगवाला म्हणून टाकतात. प्रीमियमचे थोडे पैसे वाचतात आणि क्लेमच्या वेळी कंपनी जाहीर केलेल्या पगाराच्या प्रमाणातच पैसे देते किंवा हे काम पॉलिसीत नाही म्हणून हात वर करते. खरा पगार लिहा, ओव्हरटाइमसकट. प्रेस आणि वेल्डिंग हे शब्द पॉलिसीत छापून आलेत का ते स्वतःच्या डोळ्याने बघा. ठेकेदाराची माणसं वेगळी जाहीर करावी लागतात, ती आपोआप आत येतात असं समजू नका, तुमचा हा अपघात पॉलिसी असतानाही याच एका कारणाने बाहेर राहिला असता. उपचाराचा खर्च बऱ्याच पॉलिसींमध्ये जादा प्रीमियम भरूनच मिळतो आणि त्याला मर्यादा असते, ती मर्यादा प्रेसवरच्या हाताच्या ऑपरेशनला पुरेल एवढी घ्या. कामामुळे होणारे आजार आत आहेत का विचारा. उशिराचा दंड विमा कंपनी देत नाही, तो मालकाच्या स्वतःच्या चुकीचा मानतात, व्याजही काही पॉलिसींमध्ये वगळलेलं असतं. वर्ष संपल्यावर खऱ्या पगाराचा हिशोब देऊन प्रीमियम कमी-जास्त होतो, तो हिशोब बुडवू नका. आणि अपघात झाला की त्याच दिवशी कंपनीला कळवायचं, हॉस्पिटलच्या बाहेर बसल्या बसल्या मेल टाकला तरी चालेल.

एक गोष्ट कोणी सांगत नाही म्हणून सांगते, तुम्ही स्वतः मशीनवर बसत असाल तर डब्ल्यूसीत तुम्ही नसता, ती कामगारांसाठी आहे, मालकासाठी नाही. तुमच्या स्वतःसाठी पर्सनल ॲक्सिडेंट घ्या, त्या एजंटची तेवढी मदत होईल. माल पोचवायला स्वतःचा टेम्पो असेल तर त्याच्या विम्यात ड्रायव्हर आणि सोबत जाणारा हमाल धरलेत का बघा, गाडीवरच्या माणसांपुरता मात्र हा विमा मोटार कायद्याने सक्तीचा आहे. शिकाऊ पोरगा, अप्रेंटिस, ठेवला असेल तर त्याला इजा झाली तरी हीच भरपाई लागते. आणि नव्या कोडमध्ये घरून कामावर येता-जाता झालेला अपघातही, वेळ आणि जागेचा कामाशी संबंध दिसला तर, कामावरचा धरलाय, त्यामुळे रात्रपाळी सुटल्यावर पोरं कशी घरी जातात हेही आता तुमच्याच काळजीचं झालंय.

माणूस कामावर घेताना त्याला भरपाईचा हक्क आहे हे त्याला समजेल अशा भाषेत लेखी सांगायची जबाबदारी 2017 पासून मालकावर आहे. हेल्पर बाहेरच्या राज्यातला असेल तर त्याला मराठी वाचता येतं का ते बघून हिंदीत द्या.

या पोराकडे तुम्ही स्वतः जा, वकिलाला पाठवू नका. वडील रागात असतील, बोलू द्या. तो स्टॅम्प पेपर सोबत न्या आणि त्यांच्यासमोर सांगा की हा मी वापरणार नाही, किती रक्कम बसते ते कागदावर मांडून दाखवा, 14,000, 60 टक्के, 216.91, 20 टक्के, सगळं, म्हणजे तुम्ही काही लपवत नाही हे त्यांना दिसेल आणि त्यांना वाटलं तर ते दुसऱ्या कोणाकडून तपासून घेतील. डाव्या हाताने जमेल असं काम, तपासणीचं, स्टोअरचं, मशीनच्या मोजमापाचं, त्याला तुमच्याकडे देता येईल का याचाही विचार करा, भरपाईत ते मोजलं जाणार नाही, भरपाई ती भरपाईच, पण 25 वर्षांच्या मुलाला उद्या सकाळी उठून कुठे जायचं हे कळायला पाहिजे. आणि जायच्या आधी तिन्ही प्रेसचे गार्ड बसवून घ्या, ती मशीनं तोवर चालू करू नका, ऑर्डरवाल्याला दोन दिवस उशीर होईल असं फोन करून सांगा.